लिंपलेला डबा

माझी नणंद नाकाने आणि कानाने जगते. डोळे तिला देवाने उगीच दिले. गुलाबाईच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि गाणी संपली की घरच्या बाईने झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवायचा, कान लावायचा, हुंगायचा, पण उघडायचा नाही. ओळखायचं खरं तर मुलींनी. पण गाणी सांगायला म्हणून ही त्यांच्यासोबत येते आणि जाता जाता माझं नाक कापून जाते. मी सून होऊन बऱ्हाणपुरात आले तेव्हापासून माझा एकही डबा तिने सोडलेला नाही.

यंदा मला जिंकायचंच होतं. दिवाळी झाली की ती लेकाकडे नाशिकला कायमची राहायला जाणार, म्हणजे आमची ही शेवटची गुलाबाई. आयुष्यभर हरल्यावर माणसाला एकदा तरी जिंकावंसं वाटणार की नाही?

दसऱ्याच्या सुटीत इंदूरहून नातवंडं आली होती, त्यामुळे फौज तयारच होती. आधी गुलाबाई केली. तापीवरच्या राजघाटाकडून माती आणली, ओसरीवर पोतं अंथरलं आणि तिघं बसलो. नातीने गुलाबाई बरी केली, नथ तर फारच छान. गुलाबाईचा नवरा गुलोजी मात्र धाकट्या नातवाकडे गेला. त्या गुलोजीला मान नव्हती आणि मिश्या दोन्ही खांद्यांवर टेकल्या होत्या.

"आजी, हे पुलिसवाले आहे," नातू म्हणाला. मी गुलोजींना हात जोडले.

मग खाऊ. मी ठरवलं होतं, दराबा करायचा. बऱ्हाणपुरात दराबा हलवायाकडून आणतात, घरी कोणी तो उपद्व्याप करत नाही. म्हणजे नणंदेच्या डोक्यात येणारच नाही. परातीत तूप आणि पिठीसाखर घेतली आणि दोघांना फेसायला बसवलं. तूप पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत हात थांबवायचा नाही, असा माझा हुकूम. दोघं कोपरापर्यंत माखली. नातवाच्या भुवईला तूप लागलं म्हणून नात हसली, तिच्या हसण्याने परात कलंडली, परात धरायला मी वाकले आणि माझा पदरच परातीत गेला. मग तिघंही इतकी हसलो की फेसणं राहिलं बाजूला. भाजलेला रवा घालेपर्यंत निम्मा दराबा चाखण्यातच संपला होता. त्यात माझाही वाटा होता, खोटं कशाला बोलू.

डबा भरला तेव्हा नातीला शंका आली. "आजी, आवाज तर नाही येणार. पण आत्याआजीला खुशबू आली तर?"

मी विचारात पडले, तोवर तिने उरलेली माती उचलली आणि झाकणाच्या कडेने लिंपायला सुरुवात केली. नातवाने वरून आणखी एक थर दिला. स्टीलचा डबा जमिनीतून उकरून काढल्यासारखा दिसायला लागला. पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय, याबद्दल मला शंका उरली नाही.

संध्याकाळी मुली आल्या, गाणी झाली. नणंदेने डबा उचलला, हलवला, कानाला लावला. "वाजत नाही. म्हणजे कोरडं काहीच नाही." मग नाकाशी नेला आणि तिचा चेहरा पडला. "काय वं वहिनी, तापी भरून ठेवली का डब्यात?"

मी पदर तोंडात कोंबला. मुलींनी शिरा म्हटलं, खीर म्हटलं, शेवटी "हरलो" म्हणाल्या. त्यांना केळ्याचे वेफर्स देऊन पुढच्या घरी पाठवलं. नणंद जागची हलली नाही.

"अक्का, हरले म्हणा ना," मी म्हणाले.

"मी म्हटलं का हरले?"

मग तिने एकेक पदार्थ काढायला सुरुवात केली. केळ्याचा शिरा, तोही माझ्या डोहाळजेवणात करपलेला. पुरण. पुरणावरून मांडे निघाले, मांड्यांवरून सासूबाई निघाल्या आणि त्यांच्या हाताखाली आम्ही दोघींनी मिळून फाडलेले मांडे लपवून कसे खाल्ले, ते निघालं. आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मी प्रत्येक वेळी "चूक" म्हणत होते आणि मला तो शब्द दराब्याहून गोड लागत होता.

"पर आजी, खायचं कधी?" नातवाने तिसऱ्यांदा विचारलं.

दिवेलागण झाली तशी ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चला, घरी स्वयंपाक पडलाय." दारात जाऊन तिने चपला पायात सरकवल्या. पुढच्या वर्षी डबा भरायचा तरी कोणासाठी? इतका वेळ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जिंकायच्या नादात मी आनंदाने नाचत होते.

नातू तिच्या पाया पडला. तिने त्याला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, कपाळाची पापी घेतली आणि तशीच थांबली. भुवईचं तूप कोणी पुसलंच नव्हतं.

"दराबा," ती म्हणाली.

नातीने तोंड उघडलं. मी तिचा हात घट्ट दाबला.

"चूक," मी म्हणाले.

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, आत आली, भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि डबा पुन्हा मांडीवर घेतला.

"मग चुरमुरे असतील," ती म्हणाली.