टेपमधलं हसणं

अकरावीसाठी लातूरला गेले तेव्हा माझ्याबरोबर एक गादी, एक ट्रंक आणि पप्पांनी नांदेडहून घेऊन दिलेला छोटा टेपरेकॉर्डर होता. तो गाणी ऐकायला नव्हता. आमच्या क्लासमधले फिजिक्सचे सर इतकं भरभर शिकवायचे की वहीत अर्धंच उतरायचं, म्हणून बरीच मुलंमुली त्यांचं शिकवणं टेप करून घ्यायची आणि खोलीवर परत ऐकायची. त्या वर्षांत मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यातून मुलं लातुरात येऊन पडत होती. लोकांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या होत्या. तशाच एका पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघी राहायचो.

गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत कॅसेटी भरून देणारं एक जुनं दुकान होतं. दुकानदाराला सगळेच चाचा म्हणायचे. माझं भागावं म्हणून ते मला कोऱ्या कॅसेटीऐवजी वापरलेल्या द्यायचे. एकदा त्यांनी एक काळी कॅसेट पुढे केली. तिच्यावर ना नाव, ना चिठ्ठी.

"हिच्यात काय भरलंय, चाचा?"

"मालूम नाही बेटा. पुण्याहून लॉट आला, त्यात निघाली. अंग्रेजी आहे कायतरी. लई गोंगाट आहे. तू वरून तुझ्या सरांचं भर, आपोआप पुसून जातंय."

दुपारी मैत्रिणी झोपल्या होत्या. कॅसेट नीट चालते का बघावं म्हणून मी गच्चीवर, टाकीच्या सावलीत बसले आणि इयरफोन लावला. आधी गाणं नव्हतंच. नुसती माणसं होती. हजारो माणसं एकाच छपराखाली कुणाची तरी वाट पाहत असावीत तसा तो आवाज. मग अगदी कानाशी एक बाई हसली. छोटं, अचानक फुटलेलं हसू. ते हसू संपतंय न संपतंय तोच ढोलावर काठी पडली आणि गिटार असं अंगावर आलं की मी इयरफोन काढूनच टाकला.

याला कारण होतं. भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पप्पा तेव्हा औशाच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचे. आमचं घर पडलं नाही, पण जमिनीतून आलेला तो आवाज माझ्या अंगातून कधी गेलाच नाही. ट्रक गेला, डाळमिल सुरू झाली, तरी मी दाराकडे बघायची. मोठा आवाज म्हणजे पळायचं, एवढं माझ्या शरीराला पाठ झालं होतं.

त्या दुपारी मी पळाले नाही. थोड्या वेळाने इयरफोन परत लावला. तिसऱ्या गाण्यात गाणारा माणूस मधेच थांबला आणि ती हजारो माणसं त्याच्याऐवजी गाऊ लागली. कुणी शिकवलेलं नाही, कुणी हात करून सांगितलेलं नाही. तो गप्प उभा राहून ऐकत असावा. मग तो हळूच काहीतरी बोलला आणि त्याचा आवाज कापला. मला एकही शब्द कळला नव्हता. तरी उन्हात माझ्या हातावर काटा आला. त्या कॅसेटवर सरांचा धडा मी कधीच भरला नाही. मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतला.

त्या बँडचं नावही मला माहीत नव्हतं. कॉलेजच्या रस्त्यावर तेव्हा इंटरनेटची दुकानं निघाली होती. प्लायवूडच्या खोपटात एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि बाहेर चपला. मी मराठी शाळेत शिकलेली. कानाला जे शब्द लागले ते जमतील तसे टाइप करायची आणि भलतीच पानं उघडायची. एकदा चर्चची प्रार्थना निघाली, एकदा पीठ मळायचं मशीन. असे दोन महिने गेले. मग एका रविवारी चार शब्द बरोबर पडले आणि समोर बँडचं नाव आलं, त्याच्या खाली बँडच्या चाहत्यांचा फोरम.

मी किती तरी दिवस नुसतं वाचत बसायचे. वीज गेली की खोलीवर यायचं, आली की परत जायचं. कुठल्या कुठल्या देशातले लोक एका गाण्यावर भांडायचे. या वर्षी ते हळू वाजवलं, त्या गावात एक कडवं गाळलं, अमक्या दिवशी गिटारची तार तुटली. आमच्याकडे लोक सोयऱ्यांच्या लग्नातल्या गोष्टी जशा वर्षानुवर्षं सांगतात, तसे हे लोक एकेक कार्यक्रम सांगायचे. शेवटी धीर करून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मीही लिहिलं: माझ्याकडे एक कॅसेट आहे. ती कुठली आहे ते कुणी सांगू शकेल का?

उत्तरांत प्रश्नच आले. पहिलं गाणं कुठलं? तिसऱ्या गाण्यात लोक किती वेळ गातात? गाणारा काय बोलतो? मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दुकानात नेला, घड्याळ समोर ठेवलं आणि सेकंद मोजून लिहून काढले. चार दिवस त्यांचा वाद चालला. पाचव्या दिवशी एकाने लिहिलं की सगळ्या खुणा एकाच ठिकाणी जुळतात. समुद्रकाठच्या एका थंड शहरातला तो कार्यक्रम दहाएक वर्षांपूर्वीचा होता, आणि तो कुणी टेप केला होता हेच आजवर कुणाला माहीत नव्हतं. त्या कार्यक्रमाचा आवाज जगात कुठेच उरलेला नाही असं ही सगळी मंडळी धरून चालली होती. तो लातुरात होता, माझ्या उशीखाली.

मी धावतच चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गादीवरून उठून उभे राहिले.

"म्हंजे ही एकच हाय? साऱ्या दुनियेत?"

"असं म्हणतात ते."

"या खुदा! आन् मी तुला म्हणून राहिलो होतो की पुसून टाक." त्यांनी कॅसेट माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतली. आपल्या सगळ्यात चांगल्या मशीनवर, हेड पुसून, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्यांनी तिची नक्कल काढली. ती नक्कल मी रजिस्टर पोस्टाने फोरमवरच्या एका म्हाताऱ्या सभासदाकडे पाठवली. पोस्टातल्या बाईंनी देशाचं नाव दोनदा वाचलं.

दीड महिन्यानंतर ती पोचली आणि त्या माणसाने ती सगळ्यांना ऐकायला ठेवली. शंभरेक लोकांनी माझे आभार मानले. त्यातलं एक पत्र मात्र निराळं होतं. लिहिणारी परदेशातली एक नर्स होती.

तिने लिहिलं होतं, "सुरुवातीला जी बाई हसते ती मी आहे. ड्यूटी संपवून मी थेट तिथं गेले होते, गळ्यात दवाखान्याचं कार्ड तसंच होतं. शेजारच्या अनोळखी माणसाने ते बघितलं आणि म्हणाला, बरं झालं सिस्टर, आता मी चक्कर येऊन पडायला मोकळा. मी हसले आणि तेवढ्यात दिवे गेले. त्यानंतर बराच काळ माझे दिवस वाईट गेले. मी तेव्हा अशी हसत होते हे मी विसरून गेले होते. तुम्ही कुठे राहता?"

ते हसू मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. ते मला पावसाच्या आवाजासारखं वाटायचं, कुणाचंही नसलेलं. आणि आता त्याला एक माणूस होता, नोकरी होती, थकलेले पाय होते, आणि ती बाई मला माझं गाव विचारत होती. मी लातूर लिहिलं. तिने लगेच विचारलं, "भूकंपाचं लातूर? आम्ही इथं दवाखान्यात पांघरुणं गोळा केली होती." औशाच्या दवाखान्याच्या आवारात परदेशी पांघरुणांचा ढीग मी पाहिला होता. त्यात तिचं होतं की नव्हतं, कोण जाणे. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी कुणाला तरी भूकंपाचं सगळं लिहिलं, चुकीच्या इंग्रजीत, दोन पानं भरून.

बारावीला माझा नंबर मेडिकलला लागला नाही. नांदेडला येऊन मी बी.एस्सी.ला बसले. पप्पांचीही बदली तोवर नांदेडला झाली होती. मी शेवटच्या वर्षाला असताना फोरमवर बातमी आली की बँड बंगळूरला येणार. मी दोन दिवस घरात काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पप्पा जेवून हात पुसत होते तेव्हा म्हटलं,

"पप्पा, मला बंगळूरला जायचंय. गाणं ऐकायला."

"ते तर तू टेपात ऐकूनच राहिलीस की."

"समोर ऐकायचंय."

पप्पांनी पंचा खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "हाव. समोरचं येगळंच असतंय." आणि त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. जवानीत ते एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, घरी न सांगता गावाहून लोह्यापर्यंत पायी जायचे, कव्वालीचा सामना ऐकायला. "गाणाऱ्याच्या गळ्याची शीर दिसायची, माय. ते टेपात कुठून येणार? पण एकटीनं जायचं न्हाई. मी येतो."

आई म्हणाली, "बाप-लेक दोघंबी येडे झाले," आणि दशम्या करायला बसली.

बंगळूरला मैदानाच्या दारापाशी फोरमच्या लोकांनी हाताला पिवळा रुमाल बांधून थांबायचं ठरलं होतं. त्यात हैदराबादचा एक सभासद होता. त्याचं चावट लिहिणं वाचून मी त्याला कॉलेजचा पोरगा समजत होते. तो निघाला बँकेतला, टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. पांढरा शर्ट, पायात चप्पल, खांद्यावर दशम्यांची पिशवी अशा पप्पांना बघून त्याने अदबीने विचारलं, "चाचा, आप भी फॅन?"

"न्हाई बा. मी फॅनचा बाप."

तो इतका खूश झाला की त्याने आपला रुमाल सोडून पप्पांच्या मनगटाला बांधला.

दिवस मावळायला कार्यक्रम सुरू झाला. पहिला ठोका कानात आला नाही, पायांतून आला. जमीन हलली. खरोखर हलली. माझ्या शरीराने दार शोधलं, पण तिथं दार नव्हतं, भिंत नव्हती, पडण्यासारखं काहीच नव्हतं. मी पप्पांचा हात धरला. त्यांनाही ते आठवलं असणार, कारण भूकंपानंतर कित्येक दिवस ते जखमींच्या पट्ट्या बांधत होते. ते माझ्या कानाशी ओरडले, "भ्यालीस का?"

मी सभोवती बघितलं. जमीन हलत होती आणि हजारो माणसांतलं एकही पळत नव्हतं. सगळे त्या हलण्याकडे तोंड करून उभे होते, हात वर करून. असं काही जगात असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई." आणि तेच खरं होतं.

मग ते गाणं आलं. गाणारा थांबला आणि आम्ही गायलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, इतका तो सगळ्यांच्यात मिसळून गेला होता. वर आभाळ होतं, समोर एक दमलेला माणूस डोळे मिटून आमचं ऐकत होता. लातूरच्या गच्चीवर मी जे बाहेरून ऐकलं होतं, त्याच्या आत मी आता उभी होते. पप्पा शब्दांशिवाय मान हलवत होते आणि डोळे बारीक करून एकटक स्टेजकडे बघत होते.

जो कार्यक्रमाला जाईल त्याने फोरमवर वृत्तान्त लिहायचा अशी रीत होती. नांदेडला पोचल्यावर मी इंटरनेटच्या दुकानात निघाले तर पप्पांनी चप्पल घातली.

"माझंबी लिही."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सांगू लागले. "लिही, वाजवणारे चांगले होते. ढोलवाल्यानं दोन तास पाणी पिलं न्हाई. पण गाणारा माणूस आजारी होता. तिसऱ्या गाण्यापासून त्याचा घसा बसून राहिला होता. वर चढायचं तिथं तो मान वाकडी करून आवाज चोरून घेत होता आन् लोकांना गायला लावत होता. लोकांना कळू दिलं न्हाई त्यानं. मला कळलं, मी इतकी वर्षं दवाखान्यात घसे बघून राहिलो."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. फोरमवर कुणी ऐकून घेईना. तो तर इतक्या वर्षांत सगळ्यात छान गायला, असं पंधरा जणांनी लिहिलं. तिसऱ्या दिवशी बँडने जाहीर केलं की गायकाचा घसा दुखावला आहे, पुढचे कार्यक्रम लांबणीवर टाकले आहेत.

त्या संध्याकाळी पान उघडलं तर उत्तरं संपेनात. हे गृहस्थ कोण आहेत? ते संगीताचे जाणकार आहेत का? आम्ही वीस वर्षं ऐकतोय, आम्हाला कसं दिसलं नाही? नर्सने लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्ही एकाच खात्यातले."

मी एकेक उत्तर मराठीत सांगत गेले. पप्पा हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. नर्सचं वाक्य त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "हे सारे लोक आत्ता वाचून राहिलेत? आपण इथं बसल्या बसल्या?"

"हाव."

ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले, चष्मा वर केला, न कळणाऱ्या त्या अक्षरांवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"मंग त्याला सांगा म्हणावं," ते म्हणाले, "कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चार डाव गुळण्या. आन् आठ दिवस बोलायचं न्हाई, कानात सांगायचं तेबी न्हाई. कानात बोलल्यानं घशाला जास्त तरास होतो."

मी डिक्शनरी उघडली. गुळण्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.