बोटानं बघितलेली तार

उमरग्यात आमच्या घरी पाक बोटानंच बघतात. उलथन्यावरचा थेंब बोट आणि अंगठ्यात धरायचा, तार सुटली की गॅस बंद. बुंदीचे लाडू मी जन्मभर असेच केले आणि सासूबाईंनी ते मुकाट्यानं खाल्ले.

धाकटी जाऊ लग्नानंतर महिन्याभरात मोबाईल बघून कॅरॅमल पुडिंग करायला लागली. पाण्याचा थेंब न घालता कढईत नुसती साखर. सासूबाई शेजारी उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. मधेच एक शिंतोडा माझ्या मनगटावर उडाला आणि टरारून फोड आला. मी पदराखाली हात झाकला.

दारात कुणीतरी आलं म्हणून सासूबाई बाहेर गेल्या. साखर चहाच्या रंगाची झाली होती.

"अक्का, झालं असंल का हो?" जावेनं विचारलं.

"बोटानं तार बघ की. आईनं एवढंबी शिकवलं न्हाय व्हय?"

तिनं बघितली. ते बोटाला चिकटलं ते सुटेचना. नळाखाली धरल्यावर कातडीसकट निघालं.

ओरडणं ऐकून सासूबाई धावत आल्या. जाऊ म्हणाली, "माझंच चुकलं. अक्का नको म्हणत होत्या."

मी मान डोलावली.

पुडिंग मग मीच पुरं केलं. जाऊ डाव्या हातानं खात होती. सासूबाईंनी दोनदा वाटी पुढं केली आणि पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "लई झ्याक झालंय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.