तरवडाचा चहा आणि काकूच्या गोळ्या

मंडळी, आज सकाळी सुप्याहून माझ्या चुलत्यांचा फोन आला. "तुझी काकू उठंना. धड बोलती बी न्हाय." गाडी करून तिला बारामतीच्या दवाखान्यात आणलं. रक्तातली साखर भलतीच वाढली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?" चुलते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "महिना झाला बंद करून. तू तरवडाचं लिव्हलं व्हतंस न्हवं?"



तरवड या माळावरच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाबद्दलची ती पोस्ट मीच इथं टाकली होती. बी खरबरीत दगडावर घासा, रात्रभर भिजवा, पावसाच्या तोंडाला बांधावर लावा. शेरडं तोंड लावत नाहीत, पाणीही फारसं लागत नाही. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शेवटी मी लिहिलं, "फुलांचा चहा प्या, साखर पळून जाईल." तुमच्यातल्या कित्येकांनी ते पुढं पाठवलंत.

संध्याकाळी काकूनं डोळे उघडले. माझा हात धरून म्हणाली, "रोज दोन टायमाला पीत व्हते गं. तू शिकलेली, खोटं कशाला लिव्हशील?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पोस्ट मी काढून टाकलीय, पण पुढं गेलेली कशी परत आणू? ज्यांना पाठवलीत, त्यांना आजच फोन करून विचाराल का, की ती वाचून तुम्ही गोळ्या तर बंद केल्या नाहीत ना?