एका फळीवर आठशे किलो

चौसाळ्यात हायवेला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं झाली. गेट, ग्रिल, पत्र्याचं शेड सगळंच करतो, पण नाव झालं ते रॅकमुळं. खताचं दुकान असो नाहीतर हार्डवेअरचं, माल ठेवायला रॅक पाहिजे म्हटलं की लोक माझ्याकडंच यायचे. "किती वजन पेलंल?" असं कुणी विचारलं की मी रॅकवर हातोडी आपटून सांगायचो, "बिनधास्त भरा हो. वरून तुमी बी बसा." आकडा मी कधी सांगितला नाही. कुणी मागितला असता तर मला तो अपमानच वाटला असता.

मागं गेवराईच्या एका व्यापाऱ्यानं बियाण्याचं मोठं गोदाम बांधलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी रॅकचं काम मला दिलं. एवढं मोठं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. हरखून गेलो आणि आठवड्यात पहिली रांग उभी केली. तेवढ्यात आप्पांचा फोन आला, की फायर ब्रिगेडच्या दाखल्याचा अर्ज परत आलाय. रॅकचं ड्रॉइंग पाहिजे, त्यावर इंजिनिअरचा सही-शिक्का पाहिजे, रॅकचे पाय जमिनीत बोल्टनं आवळलेले पाहिजेत, आणि एका फळीवर जास्तीत जास्त किती किलो ठेवायचं त्याची पाटी प्रत्येक रॅकवर पाहिजे.

"घ्या! आता लोखंडाचं बी आधार कार्ड काढायचं का?" मी म्हणालो.

आप्पा हसले नाहीत. "मिस्त्री, दाखला न्हाई मिळाला तर पुण्याहून तयार रॅक मागवावं लागतील. पेरणीच्या आधी मला माल भरायचाय."

म्हणजे काम हातचं जाणार, आणि वर गेवराईपासून दिंद्रुडपर्यंत बोभाटा, की मिस्त्रीचा रॅक नापास झाला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

इंजिनिअर मॅडम बीडहून आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी रॅकभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळीला खालून पेलणाऱ्या आडव्या चॅनेलची जाडी मोजली, उकिडवं बसून वहीत काहीतरी गणित केलं आणि म्हणाल्या, "काका, एका फळीवर आठशे किलो लिहा."

आठशे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, तुमी शाळेत जात होतात तवापासून मी लोखंड जोडतोय. दीड टन टाका. केसभर वाकलं तर दुकानाला कुलूप लावतो."

"टाकू या की. चाचणी तर करायचीच आहे," त्या म्हणाल्या. एवढ्या शांतपणे म्हणाल्या, की मला अजूनच राग आला.

हमालांनी एका फळीवर सिमेंटची तीस पोती चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवली. मॅडमनी चॅनेलच्या वरच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायला लावली. मधोमध दोरी आणि लोखंड यांच्यात बोटभर फट!

मी म्हणालो, दोरी ढिली असंल. परत ताणली. फट तेवढीच. तिसऱ्यांदा मी स्वतः ताणली. तोवर हमाल दुसरीकडंच बघायला लागले होते.

"काका, वेल्डिंग एकही सुटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "इतकं पक्कं काम मी फार कमी बघितलंय. पण चॅनेल ह्या वजनाचं नाही. आठशेला हा रॅक वर्षानुवर्षं उभा राहील. दीड टन टाकत राहिलात, तर एक दिवस खाली बसलेल्या माणसावर येईल."

खाली बसलेलं माणूस! रॅक करताना मी वरच्या मालाचा विचार केला होता, खालच्या माणसाचा कधीच नाही. आदल्या दुपारी त्याच रॅकच्या आडोशाला बसून हमालांनी भाकरी खाल्ली होती, मीही खाल्ली होती.

मग मुकाट कामाला लागलो. वाकलेली चॅनेलं बदलली, पाय बोल्टनं आवळले, मागून तिरप्या पट्ट्या मारल्या. मॅडमनी ड्रॉइंग काढलं, मी टेप धरला. फायरचे साहेब येऊन बघून गेले आणि दाखला मिळाला. आप्पांनी पेढ्याचा पुडाच हातात दिला. पाट्या मी स्वतः रंगवल्या, काळ्यावर पिवळ्या अक्षरांत. खरं सांगू का, लई भारी दिसत होत्या.

पण मन स्वस्थ बसू देईना. जुने रॅक डोळ्यांपुढं यायचे. शेवटी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मोटरसायकलवर निघालो. एकेका दुकानात जाऊन फोनवर मॅडमना मापं सांगायची, त्या आकडा सांगायच्या, मी तो रंगवायचो. दिंद्रुडचा खतवाला म्हणाला, "काय मिस्त्री, एसटीवानी रॅकवर बी आसनसंख्या लिवायलात का?"

"लिवायलोय. आन् वरची थप्पी आजच खाली घ्या, त्याबिगर मी हलत न्हाई."

भांडलो, चहा प्यालो, पुढं गेलो. मजा आली.

सगळ्यात शेवटी घरचा रॅक. आमच्या पुढच्या खोलीत बायको किराणा दुकान चालवते. लग्नानंतर मी तिला रॅक करून दिला होता, तिला उभ्यानं साखर तोलता यावी म्हणून. पण साखरेची पोती ती कायम जमिनीवरच ठेवायची, आणि फळीवर चुरमुरे, पोहे, बिस्किटं. मी चार लोकांत चिडवत आलो, "हिला खाली बसायचीच सवय. हिच्या माहेरी रॅक कुठं बघितलाय!" ती नुसती हसायची.

ब्रश ठेवून चुरमुऱ्याचं पोतं बाजूला सारलं, तर फळी मधोमध चांगली दोन बोटं खाली आलेली.

"हे कवा झालं?"

"पहिल्याच दिवाळीला," ती म्हणाली. "साखरेचं दुसरं पोतं ठिवलं तवा. मग समदी साखर खाली घेतली."

"आन् कावून सांगितलं न्हाई तू?"

तिनं निवडायला घेतलेले शेंगदाणे बाजूला ठेवले. "तुमी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचात, रॅक दाखवायला. लई खुशीत असायचात. कसं सांगू?"

गुडघे दुखत असताना बाईनं इतकी वर्षं खाली बसून साखर भरली, आणि वर माझे टोमणे ऐकले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. अर्धा किलो साखर पाहिजे होती. गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसायला लागली, तसं मी तिला दंडाला धरून थांबवलं, स्टुलावर बसवलं, आणि स्वतः पोत्यापाशी मांडी घातली. मला तोलायची सवय नाही, साखर थोडी जास्तच गेली असेल.