दुखत नाही

उसाला पाणी पाजताना आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, पाय पाटाच्या कडेवरून घसरला आणि पाऊल मुडपलं. कोरेगावला त्यांना झोपवून एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरांनी पाऊल दाबून विचारलं, दुखतंय का? आबा म्हणाले, नाही. मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं.

सूज काही उतरेना, म्हणून मी त्यांना सांगलीला, विश्रामबागेत माझ्याकडे आणलं. उंबरा ओलांडताना ते भिंत धरायचे आणि विचारलं की म्हणायचे, काय न्हाई गं. माझं डोकंच चालेना. फिल्म म्हणते ठीक, आबा म्हणतात ठीक, आणि पाय तर टेकत नाही. बाऊ करतायत म्हणावं, तर बाऊ करणारा माणूस निदान दुखतंय असं तरी म्हणेल. राग यायचा, पण कुणाचा तेही कळत नव्हतं.

इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी आधी तळवा पाहिला. तो मधोमध काळानिळा झाला होता. पावलाच्या मधला सांधा निखळला असेल तर झोपल्यावर जागेवर बसतो आणि भार पडला की सरकतो, असं ते म्हणाले. वेळेवर कळलं नाही तर जन्माचं लंगडणं. उभं करून फोटो काढला, तरी काही दिसेना. डॉक्टरही बुचकळ्यात पडले.

दुसऱ्यांदा काढताना मी दारातून बघत होते. आबांनी सगळा भार चांगल्या पायावर टाकला होता. काय करावं कळेना, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "आबा, सावधान उभे राहा."

फौजेतला माणूस. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, दोन्ही पायांवर सारखा भार पडला. कपाळावर घाम फुटला, पण तोंडातून चकार शब्द नाही. यावेळी फिल्मवर हाडांमधली फट स्वच्छ दिसली. ऑपरेशन करून हाडं जागेवर बसवायची, स्क्रू घालायचे आणि काही आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं ठरलं.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, इतकं दुखत होतं तर बोलला का नाहीत?

"दुखतंय म्हटलं की घरी धाडत्यात," ते हळूच म्हणाले.

त्यांना फौजेतून पेन्शनीवर घरी येऊन किती वर्षं झाली. आता कोण, कुठून, कुठं धाडणार होतं? मी खाली वाकून त्यांच्या पायात चप्पल सरकवू लागले.

"हळू गं," आबा म्हणाले, "लय दुखतंय."

ऐकून मला इतकं बरं वाटलं, की माझंच मला कळेना.