सरकार अनामत ठेवत नाही

बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरलं थेओफिल गिडरींनी, म्हणून मी त्यांना पारें म्हणतो. आमच्या लुइझियानात धर्मपित्याला तेच म्हणतात. भात कापलं की त्याच खाचरांत पाणी सोडून ते क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे, वाढवायचे. माणूस सरळ. इतका सरळ की राग यावा.

एकदा बदकांच्या एका शिकाऱ्यानं कोर्टातून त्यांच्यावर खाचरांचं काम थांबवणारा मनाई हुकूम आणला. जजनं आधी शिकाऱ्याकडून अनामत ठेवून घेतली. पुढे हुकूम चुकीचा ठरला आणि पारेंचं नुकसान त्या अनामतीतून भरून निघालं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की जो चुकीचा अडवतो तो भरून देतो.

मग आलं सरकार. केंद्राच्या एका खात्यानं नकाशा बघून ठरवलं की पारेंची खाचरं राखीव पाणथळीत येतात. ईस्टरआधीचे उपास सुरू होणार होते. दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून झिंग्यांवर उड्या पडतात. नेमका तेव्हाच खात्याच्या अर्जावर कोर्टाचा हुकूम आला: निकाल लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. ताजं पाणी आणणारा पंपसुद्धा नाही.

मार्चमध्ये उकाडा वाढला, साचलेलं पाणी सडायला लागलं. झिंगे श्वासासाठी भाताच्या धसकटांवर चढून बसले. पारेंचे वकील दूसे यांनी पंपापुरती परवानगी मागितली. तारीख पडली पंधरा दिवसांनी.

"पारें, लावतो मी पंप. कोण मरायला येतंय बघायला?"

"गप रे. हुकूम म्हणजे हुकूम. चुकले तर देतील की भरून."

"देतील! तुमच्या सासऱ्याचं राज्य ना ते!"

"शिकाऱ्यानं दिलं. सरकार काय त्याच्याहून भिकारी आहे?"

तारखेआधीच सगळे झिंगे मेले, पुढच्या वर्षीच्या पैदाशीच्या माद्यांसकट. पारेंच्या बायकोनं, एल्मिना काकूंनी, वासामुळे खिडक्या लावून घेतल्या.

ऑगस्टमध्ये जजनं हुकूम उठवला. नकाशा भलत्याच नाल्याचा निघाला. पारें इस्त्रीचा शर्ट घालून, मला घेऊन वकिलाकडे गेले.

"मिस्टर थेओफिल, सरकारला अनामत ठेवावी लागत नाही," दूसे म्हणाले. "कायद्यातच सूट आहे. अनामतच नाही, तर भरपाई मागायची कशातून?"

"पण ते चुकले ना?"

"चुकले. जजनं तसं लिहिलंयसुद्धा."

मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं. बिचाऱ्या वकिलानं काही कायदा केला नव्हता.

पारें खुर्चीत पुढे सरकले. "हुकूम मोडून पंप लावला असता तर?"

"दंड झाला असता."

"आणि झिंगे?"

दूसे कागद चाळत बसले. मी गप्प बसायला हवं होतं.

"जगले असते, पारें."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तू माझं कशाला ऐकलंस रे, गाढवा?"