जाधवांची गोगलगाय

किस्से कुणी जमवत नाही. तीन रिकामटेकडे म्हातारे एका बाकड्यावर बसले की आपोआप साचतात, नाल्यात गाळ साचतो तसे! कोपरखैरण्याच्या बागेतल्या बाकड्यावर मी, दामू आणि जाधव. सध्या विषय एकच, जाधवांची गोगलगाय.

*

जाधवांच्या हॉलमधली माशांची टाकी हिरवी पडली. दामू इथला मूळ गाववाला. त्याने पनवेलहून डब्यातून एक गोगलगाय आणली, गाढी नदीच्या संथ पाण्यातली, दगडाखालची. "ही काच साफ करंल."

टाकीत सोडली, तर शंखाचं तोंड गच्च बंद! जाधवांचा चेहरा पडला. "मेली की रे!"

"मेली न्हाय. दार लावलंय तिनं. वर्गनीवाले आले की तुमी लावता, तसा!"

*

मग ती काचेवर चढली. मी नाक लावून बघत बसलो. तोंड उघडतं, मिटतं आणि मागे काच चकाचक. आमची ही खोबरं किसते ना, तशी जीभ चालते!

"अण्णा, नाक काढा," जाधव म्हणाले. "ती साफ करतेय आणि तुम्ही घाण!"

*

नर की मादी? मी ठोकून दिलं, "नरच! दिवसभर खातो, पसरतो, जरा बोललं की आत शिरतो."

जाधवांनी नाव ठेवलं पैलवान. जाधववहिनी आतून म्हणाल्या, "असा एक घरात आहेच!"

*

एकदा टाकी धुताना जाधवांनी पैलवानाला कुठे ठेवावं? वहिनींच्या वरणाच्या पातेल्यात!

"आज हा घराबाहेर, नाहीतर मी!"

जाधव पैलवानाची बरणी छातीशी धरून बाकड्यावर आले. डोळ्यांत पाणी. "खाडीत सोडतो. मोकळा तरी राहील."

"खाडीत?" मी ओरडलोच. "खाऱ्या पाण्यात मरेल तो! अक्कल विकून खाल्ली का?"

दामू म्हणाला, "आधी वहिनींना इचारू. न्हायतर नदीवर नेऊ."

गेलो तिघंही. वहिनींनी बरणी हिसकावली, उजेडात धरली. "पाण्यात हा कचरा कसला?"

कचरा चालत होता! ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं, प्रत्येकाच्या पाठीवर आख्खा शंख. अंडी नाहीत, काही नाही. टाकीत दुसरी गोगलगायसुद्धा कधी नव्हती. दामूने कपाळावर हात मारला. "नदीतूनच पोटुशी आली व्हती की ही! ही जात अंडी न्हाय घालत, पिल्लंच देते."

वहिनींनी बरणी पदराआड घेतली.

"लाज नाही वाटत? ओल्या बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? सरका बाजूला, आणि आधी तो पंखा बंद करा!"